घरचा कॉम्प्युटर व्हायरस आणि स्पायवेअरपासून वाचवायचा कसा

कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं म्हणून ओळखीतले लोक मला नेहमी एकच विचारतात, अँटीव्हायरस कोणता टाकू? मी म्हणतो ते सगळ्यात शेवटी बघू, आधी सांगा की कॉम्प्युटरने "येस की नो" विचारलं की तुम्ही काय दाबता. बहुतेक जण हसतात, कारण सगळे येसच दाबतात. घरच्या पीसीत शिरणारी बहुतेक घाण दार फोडून येत नाही, आपणच कडी काढून आत घेतो.

अर्थात दार फोडणारेही असतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा घातक प्रोग्राम आला तेव्हा कुणी काही क्लिक करायचीही गरज नव्हती, विंडोजमधल्या एका भोकातून तो नेटवर्कवर या मशीनवरून त्या मशीनवर आपोआप जात होता आणि फाइल्स लॉक करून पैसे मागत होता, असल्या प्रकाराला रॅन्समवेअर म्हणतात. आता गंमत बघा, ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं, म्हणजे दोन महिने आधी. ज्यांनी "रिमाइंड मी लेटर" करत दिवस काढले ते अडकले. म्हणून पहिलं काम, विंडोज अपडेट चालू ठेवा, आणि अपडेट झाल्यावर रीस्टार्ट मागितला की द्या, नाहीतर ते अर्धवटच राहतं. ब्राउझरचंही तेच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अजून त्यावर असाल तर मशीन झेपत असेल तर ११ वर जा, नसेल झेपत तर एखादं सोपं लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी सिस्टिम) टाका, पण सिक्युरिटी अपडेट न येणाऱ्या सिस्टिमवर बँकेचं काम करू नका.

दुसरी गोष्ट कोणी करत नाही आणि ती फुकट आहे. रोजच्या वापराला अ‍ॅडमिन अकाउंट, म्हणजे ज्याला सिस्टिममध्ये बदल करायची परवानगी असते ते, नकोच. सेटिंग्जमध्ये अकाउंट्समध्ये जाऊन एक वेगळं अ‍ॅडमिन अकाउंट बनवा, त्याला नीट पासवर्ड द्या, आणि आपलं रोजचं अकाउंट स्टँडर्ड करून टाका. मग काहीही सिस्टिममध्ये घुसायला लागलं की पासवर्ड मागणार, आणि पासवर्ड टाइप करताना माणूस दोन सेकंद तरी विचार करतो. मुलं गेम डाउनलोड करतात त्या घरात तर हे पाहिजेच. यानेही सगळं थांबत नाही हं, तुमच्या स्वतःच्या फाइल्स आणि ब्राउझरमधले पासवर्ड चोरायला स्पायवेअरला (म्हणजे गुपचूप माहिती चोरणाऱ्या प्रोग्रामला) अ‍ॅडमिन लागतच नाही, पण सिस्टिममध्ये खोलवर मुळं धरणं त्याला अवघड जातं.

तिसरं, विंडोज फाइलचं शेवटचं नाव म्हणजे एक्स्टेन्शन लपवून ठेवतं, ते आधी दिसेल असं करा. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यूमध्ये "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" वर टिक. यामागे जुनं दुखणं आहे, २००० साली आयलव्हयू नावाचा वर्म (स्वतःच्या प्रती पसरवणारा प्रोग्राम) ईमेलने जगभर पसरला, त्यातली फाइल प्रेमपत्राच्या साध्या टेक्स्ट फाइलसारखी दिसायची, प्रत्यक्षात शेवटी डॉट व्हीबीएस होतं म्हणजे ती स्क्रिप्ट होती, आणि एक्स्टेन्शन लपलेलं असल्यामुळे लोकांना ते दिसलंच नाही. पंचवीस वर्षं झाली तरी "इन्व्हॉइस डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" छाप फाइल्स अजून येतातच, आणि अजून चालतात.

आता डाउनलोड. इथे माझंच उदाहरण देतो, लाज वाटते पण देतो. एका महागड्या सॉफ्टवेअरचा क्रॅक (पैसे न भरता चालवायची चोरटी फाइल) उतरवला होता, सोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेलं "आधी अँटीव्हायरस बंद करा, तो उगाच ओरडतो". मी शहाण्यासारखा बंद केला. आठवड्याभरात माझ्या ईमेलवरून लोकांना भलत्यासलत्या लिंका जायला लागल्या. चोर स्वतः म्हणतोय कुत्र्याला बांधून ठेवा आणि आपण बांधतोय! तेव्हापासून क्रॅक, कीजेन, अ‍ॅक्टिवेटर सगळं बंद, पैसे नसतील तर फुकटचा पर्याय शोधायचा, बहुतेक कामांना सापडतो. आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्याच साइटवरून घ्यायचं, सर्चमधल्या वरच्या जाहिरातीवर क्लिक करून नाही, तिथे हुबेहूब खोट्या साइट असतात.

एक नवीन प्रकार सध्या फार चाललाय तो नीट लक्षात ठेवा. एखादी साइट म्हणते तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा, त्यासाठी विंडोज बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. साइटने तोपर्यंत तुमच्या क्लिपबोर्डमध्ये (कॉपी केलेलं जिथे साठतं तिथे) कमांड टाकून ठेवलेली असते आणि तुम्ही स्वतःच्या हाताने ती चालवता. खरा कॅप्चा असलं काही कधीच करायला सांगत नाही. तसंच "तुमच्या पीसीत ३७ व्हायरस, या नंबरवर फोन करा" अशी लाल स्क्रीन आली तर ते फक्त वेबपेज आहे, घाबरू नका, टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, फोन तर अजिबात करू नका.

ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स (फाइलची नव्हे, ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम) पण एकदा बसून साफ करा. कूपन शोधून देणारं, पीडीएफ बदलून देणारं, असली किती पडलेली असतात, आणि त्यातल्या कित्येकांनी "सगळ्या साइट्सवरचा डेटा वाचणे" ही परवानगी घेतलेली असते. वापरत नसाल तर उडवा.

आणि हो, अँटीव्हायरस. विंडोजमधलाच डिफेंडर घरच्या वापराला पुरतो, फक्त चालू आहे ना बघा. दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नका, एकमेकांत भांडतात आणि मशीन रांगायला लागतं. झालं, एवढंच.

बॅकअपबद्दल मात्र मी कटकट करणार. बाहेरची हार्ड डिस्क घ्या, आठवड्याला कॉपी करा आणि काम झालं की केबल काढून ठेवा. कायम लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर पहिल्या फटक्यात लॉक करतो, मग तो बॅकअप कसला.

एवढं करून घुसलाच तर काय? आधी इंटरनेट तोडा. मग विंडोज सिक्युरिटीमध्ये स्कॅन ऑप्शन्समधला ऑफलाइन स्कॅन चालवा, यात पीसी रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण उठायच्या आधीच तपासणी होते त्यामुळे लपून बसलेली घाणही सापडायची शक्यता वाढते. पासवर्ड बदला पण त्या पीसीवरून नाही, दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा फोनवरून, सुरुवात ईमेलपासून. फक्त पासवर्ड बदलून भागत नाही कारण हल्लीचे चोर लॉगिनच्या कुकीज (तुम्ही आधीच लॉगिन आहात हे साइटला सांगणाऱ्या खुणा) उचलतात, तेव्हा "सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट" पण करा. रॅन्समवेअर असेल तर पैसे भरायच्या आधी नो मोअर रॅन्समच्या साइटवर बघा, युरोपोल आणि डच पोलिसांनी काही कंपन्यांसोबत २०१६ मध्ये ती सुरू केली, काही जातींची किल्ली तिथे फुकट मिळते. आणि स्कॅन करूनही संशय जात नसेल तर सरळ विंडोज नव्याने टाका, फॉरमॅट करून. बॅकअपमधून फोटो आणि कागदपत्रं परत घ्या, जुने सेटअप घेऊ नका, ते नव्यानेच उतरवा.