नाताळच्या सुट्टीत गावाकडच्या घरी जाताय? या चुका टाळा

उन्हाळ्यातलं गाव डोक्यात ठेवून लोक नाताळात गावी येतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मे महिन्यात वावरं रिकामी असतात, घरी आमरस होतो, दुपारी ओसरीत सगळे आडवे पडतात. पाहुणा कितीही दिवस राहिला तरी कुणाचं काही अडत नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मात्र विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरी पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वेचणी चालू असते, तूर सवंगायला (कापायला) येऊ लागलेली असते, गहू-हरभऱ्याचं ओलित, म्हणजे पाणी देणं, असतं, आणि रात्री रानडुकरं हाकलायला जागलीला जावं लागतं. घर तेच, माणसं तीच, पण ऐन हंगामातली. शाळेला सुट्टी तुमच्या लेकरांच्या आहे, त्या घराला नाही.

नऊ वाजता पोह्यांची वाट पाहणं

दव उडालं की वेचणी सुरू होते. म्हणून घरातली बाई पहाटेच उठलेली असते. चूल, शेणपाणी, भाकरी, डबा, सगळं आटपून ती वावरात निघते. त्याच वेळी पाहुणे उठतात. मग एकाला चहा, दुसऱ्याला बिनसाखरेचा चहा, लेकरांना दूध, नंतर पोहे, नंतर अंघोळीचं पाणी. ती बाई तोंडाने काही म्हणत नाही, पण तिची वेचणी बुडते. दुसऱ्याच्या वावरात मजुरीने जाणारी असेल तर त्या दिवसाचे पैसेच जातात, कारण वेचाई किलोवर मिळते. तिसऱ्या दिवशी भांडी जोरात आदळू लागतात आणि कुणाला कळत नाही की बिनसलं कशावरून.

उपाय साधा आहे. पोहोचल्याच्या संध्याकाळी विचारा, "वहिनी, उद्या वावरात जायचं आहे का? किती वाजता?" मग सकाळचा चहा-नाश्ता आणि रात्रीचा स्वयंपाक पाहुण्यांनी आपल्याकडे घ्यावा, त्यातही लेकाने आणि जावयाने हात लावावा. लेक विळी घेऊन वांगी चिरायला बसला की माय म्हणणारच, "राहू दे रे बापू, चार दिवसांसाठी तं आला तू." ते ऐकून उठू नका. संध्याकाळी वावरातून आलेल्या बाईच्या बोटांकडे एकदा नीट पाहा. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडा सोललेल्या असतात. त्या हातांनी तिखट कालवायचं म्हणजे काय, ते तिलाच माहीत.

कापसाच्या ढिगात उड्या

भाव वाढेल या आशेने बरेच जण कापूस घरातच भरून ठेवतात. समोरच्या खोलीत, जागा नसेल तर झोपायच्या खोलीतही आढ्याला टेकेल एवढा ढीग असतो. शहरातल्या लेकरांना तो दिसला की पहिली उडी त्यात. मोठेही हसून फोटो काढतात. माझ्या मते या सुट्टीतली ही सगळ्यात महागडी चूक आहे, आणि तिची कारणं कुणी पाहुण्यांना सांगत नाही.

पहिलं कारण मालाचं. लेकरांबरोबर बिस्किटाचं वेष्टन, केस, लोकरीचे धागे, चिप्सचा चुरा कापसात जातो. जिनिंगमध्ये अशा कचऱ्यावरून प्रत पडते. पाणी सांडलं तर आणखी वाईट. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) सरकारी खरेदीत आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, त्यावर कपात होते, आणि बारा टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. वर्षाच्या मेहनतीचा माल आहे तो.

दुसरं कारण खाजेचं. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, आणि त्याने अंगावर लाल चट्टे उठतात. लेकरू रात्री खाजवत बसलं तर आधी कपडे बदला, साबणाने अंघोळ घाला, अंथरूण त्या खोलीतून काढून उन्हात टाका. दोन दिवसांत कमी झालं नाही तर डॉक्टरांना दाखवा. किडे मारायला फवारणीचं औषध कापसावर मारायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बंद खोलीत ते विष तुमच्याच नाकात जातं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, तेही उघड्या वावरात फवारताना. त्याच औषधाच्या बाटल्या अनेक घरांत अजून फळीवर किंवा न्हाणीत ठेवलेल्या असतात. आल्या आल्या त्या कुठे आहेत ते विचारा आणि लेकरांचा हात पुरणार नाही अशा कुलपाच्या जागी ठेवायला सांगा.

तिसरं कारण जिवाचं. ढीग वरून घसरला तर लहान लेकरू खाली दबतं आणि त्याचा आवाजही बाहेर येत नाही. आणि आग. कापसाच्या खोलीत उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, बिडी, चार्जिंगला लावलेला मोबाइल, काहीच नको. ३१ तारखेला अंगणात फटाके उडवायचे असतील तर आधी खिडक्या बंद आहेत का ते पाहा. खरं तर कापूस घरात असताना फटाके नकोच.

लेकरांना कापूस दाखवायचाच असेल तर वावरात न्या. एक तास वेचू द्या, आणि त्यांनी वेचलेला कापूस काट्यावर मोजून दाखवा. सगळे मिळून किलोभरही होत नाही, हे कळलं की ती आपोआप ढिगाकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

थंडीला हलक्यात घेणं

विदर्भ म्हणजे ऊन, असा समज घेऊन लोक एकेक स्वेटर आणतात. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि उघड्यावरची गावं शहरापेक्षा जास्तच गारठतात. दुपारी शर्टावर बसता येतं म्हणून फसू नका. ऊन गेलं की तासाभरात हुडहुडी भरते. लेकरांसाठी कानटोपी, मोजे आणि प्रत्येकी एक जाड पांघरूण सोबत न्या. घरात दुलया मोजक्याच असतात, आणि पाहुण्यांना दिल्या की आबाजी चादरीवर झोपतात.

शेकोटी अंगणात असेल तर कितीही वेळ बसा. पण रात्री निखाऱ्यांचं घमेलं किंवा शेगडी झोपायच्या खोलीत नेऊन दार लावून घ्यायची सवय अजून आहे, आणि ती जीव घेते. धूर दिसत नाही, म्हणून लोकांना बिनधोक वाटतं. धुमसणाऱ्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो उठूही देत नाही. खोलीत कुणाचं डोकं दुखू लागलं, मळमळलं, बोलणं जड झालं तर "थंडी बाधली" म्हणून आणखी पांघरूण घालू नका. दारं-खिडक्या उघडा, त्याला बाहेर मोकळ्या हवेत न्या आणि १०८ ला फोन करा. खोली गरम करायचीच असेल तर झोपण्याआधी शेगडी ठेवा, दार उघडं ठेवा, आणि झोपताना शेगडी बाहेर काढा.

पाणी तापवायच्या रॉडचंही तसंच. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं, पाणी तापायला वेळ लागतो, आणि "तापलं का?" म्हणून कुणीतरी बोट बुडवतं. आधी बटन बंद, मग पिन बाहेर, मग रॉड बाहेर, मग हात. लोखंडी किंवा स्टीलची बादली वापरू नका. लेकरं फिरत असतील तिथे रॉड लावून निघून जाऊ नका. माणसं जास्त असतील तर अंगणातल्या चुलीत तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या) लावून मोठा हंडा ठेवणंच बरं. गेल्या हंगामातल्या तुराट्या भुरभुर जळतात, खर्च नाही आणि सगळ्यांचं पाणी एकदम होतं. शेवटचा हंडा वावरातून येणाऱ्यांसाठी राखून ठेवा.

गावातल्या भावंडांची शाळा बुडवणं

शहरातल्या सीबीएसईच्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते. गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला साधारणपणे २५ तारखेचीच. हे पाहुण्यांच्या ध्यानातच नसतं. मग चुलतभाऊ-बहीण खेळायला हवेत म्हणून त्यांची शाळा बुडते, आणि याच दिवसांत तिकडे स्नेहसंमेलनाच्या नाचाची तालीम चालू असते. बुडवू नका. उलट गुरुजींना विचारून आपल्या लेकराला एक दिवस त्या वर्गात बसू द्या. बहुतेक गुरुजी आनंदाने हो म्हणतात.

दुपारी तुमचं लेकरू एकटं पडतं आणि मोबाइल मागतं. रेंज नाही म्हणून रडारड सुरू झाली की आजीवर राग निघतो. अशा वेळी त्याला खरं काम द्या. तुरीच्या ओल्या शेंगा सोलायला बसवा. शेंगेच्या शिरेवर अंगठा दाबला की ती उकलते आणि हिरवे, कधी जांभळट दाणे ताटलीत पडतात. यांना आपल्याकडे सोले म्हणतात. संध्याकाळी त्याच सोल्यांचा भात किंवा सोले-वांग्याची भाजी करा, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरा. भाकर नको म्हणणारं लेकरूही स्वतः सोललेलं खातं. शहरातून आणलेल्या नूडल्सच्या पाकिटांची पिशवी मग डिक्कीतच राहते.

वावर म्हणजे बाग, असं समजणं

वरूड-मोर्शी, काटोल भागात रस्त्याकडेला संत्र्याच्या बागा दिसतात. झाडावर फळ दिसलं, तोडलं, असं करू नका. बाग बहुतेक वेळा व्यापाऱ्याला ठोक दिलेली असते. सौदा झाला की झाडावरचं फळ व्यापाऱ्याचं. मालकही विचारून तोडतो. तुमच्या लेकराने चार संत्री तोडली की उत्तर काकाला द्यावं लागतं. हरभऱ्याच्या घाट्यांचंही तसंच, शेजाऱ्याच्या वावरातून झाड उपटायचं नाही. आपल्या वावरात काकांना विचारून कोपऱ्यातलं घ्या.

संध्याकाळनंतर बांधाबांधाने फिरायला जाऊ नका. घोणस हिवाळ्यातही फिरते, हा तिच्या मिलनाचाच काळ आहे. पऱ्हाटीच्या आणि तुराट्यांच्या ढिगात हात घालू नका. साप चावला तर दोरी बांधणं, चिरा देणं, मांत्रिकाकडे नेणं यात वेळ घालवू नका. चावलेला भाग न हलवता थेट सापाच्या विषावरचं इंजेक्शन असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलालगतच्या गावात वाघाचा वावर असतो, तिथे गावातले सांगतील तीच वेळ पाळा.

आणखी एक, जे शहरातल्या भावाला आवर्जून सांगावं लागतं. शेतीच्या फिडरला (शेतपंपांच्या वीजवाहिनीला) कधी दिवसा, कधी रात्री वीज असते. रात्रीची पाळी असेल तर घरचा माणूस थंडीत ओलिताला जातो. "मीही येतो, मजा येईल" म्हणून मागे लागू नका. गेलात तर बूट आणि बॅटरी हवी, आणि स्टार्टरला हात लावायचा नाही. रानडुकरांसाठी काही जण कुंपणात वीज सोडतात. ते बेकायदा आहे, त्याने माणसंही मेली आहेत आणि वाघही. अंधारात अनोळखी तारेला शिवू नका.

"नाताळ आपला नाही, फक्त सुट्टी आपली"

अमरावती, अचलपूर, चिखलदरा, यवतमाळ या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबं आहेत. यवतमाळात १९५३ मध्ये सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ ला पुण्याला गेली, माणसं मात्र इथेच आहेत. तुमच्या गावात किंवा तालुक्याला असं घर ओळखीचं असेल तर शुभेच्छा द्यायला जा, पण २५ च्या सकाळी नको. ती वेळ उपासनेची असते. दुपारनंतर जा. करंजी, चकली, अनारसे पुढे येतील, अगदी आपल्या दिवाळीसारखे. रिकाम्या हाताने जाऊ नका, सोले किंवा संत्री न्या.

त्याच २५ तारखेला, १९२७ साली महाडला मनुस्मृतीचं दहन झालं, म्हणून गावच्या विहारात कार्यक्रम असतो. २७ ला डॉ. पंजाबराव देशमुखांची जयंती. त्यांचा जन्म १८९८ चा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळचा. लेकरांना दोन्हीकडे न्या. त्यांच्या पुस्तकात ही नावं एका ओळीत संपतात.

३१ तारखेबद्दल थोडंच. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली. नागपुरातून गाडीत बाटली घालून वर्ध्याला आणणं हा गुन्हा आहे, आणि पोलीस आले की नाव गावातल्या भावाचं होतं.

निघताना डाळ मागणं

१ तारखेला गाडी लागली की कुणीतरी म्हणतंच, "माय, घरची तुरीची डाळ दे ना थोडी." या वेळी घरात असते ती गेल्या वर्षीची, तीही संपत आलेली. नवी तूर अजून वावरात उभी आहे. ती सवंगून, वाळवून, झोडून, मग डाळ व्हायला फेब्रुवारी उजाडतो. ती आपल्या ताटातली काढून देईल, म्हणून मागू नका. त्याऐवजी किती किलो लागेल ते आत्ताच सांगा, म्हणजे विकायच्या आधी तेवढी तूर बाजूला राहील. आणि भाऊ पैसे नको म्हणाला तरी डाळीचे पैसे वहिनीच्या हातात द्या.