जर्मनीतला पहिला हिवाळा कसा काढायचा

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि डिसेंबरात तर चार-साडेचारलाच अंधार पडतो, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत थोडा वेळ तरी बाहेर पडाच, ढग असले तरी.

घरात हीटर लावून खिडक्या गच्च बंद ठेवू नका हां, भिंतींना बुरशी धरते. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडक्या पाचेक मिनिटं सताड उघडायच्या, याला इथे श्टोसल्युफ्टन म्हणतात, आणि भाडेकरूने हे करावं अशी अपेक्षाच असते.

आता सण. 11 नोव्हेंबरच्या आसपास मुलं सेंट मार्टिनचे कंदील घेऊन गाणी म्हणत फिरतात, नक्की जा. मग नाताळाआधीचे चार रविवार, म्हणजे अॅडव्हेंट, दर रविवारी एक मेणबत्ती वाढवायची. पण माझा सगळ्यात लाडका दिवस निकोलाउसचा, म्हणजे मुलांच्या बुटात खाऊ ठेवून जाणाऱ्या संताचा! 5 डिसेंबरच्या रात्री बूट स्वच्छ करून दाराबाहेर ठेवायचे. पहिल्या वर्षी माझ्या लेकीने चिखलाचा बूट ओल्या फडक्याने घासघासून पुसला आणि सकाळी बघतो तर आत एक संत्रं आणि चार अक्रोड, शेजारच्या आजींनी गुपचूप ठेवलेले, मला भरूनच आलं. तुम्हीही शेजारच्या मुलांच्या बुटात काहीतरी ठेवा, ओळख अशीच वाढते.

नाताळचा किराणा मात्र 23 डिसेंबरलाच भरा, 24 ला दुकानं दुपारीच बंद होतात आणि 25, 26 दोन्ही दिवस सुट्टी.