नोकरीला लागल्यावर कोणतं पुस्तक वाचू?

नागपूरच्या मिहानमधल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत नव्याने रुजू झालेली मुलं हमखास विचारतात, "दादा, कोणत्या पुस्तकापासून सुरुवात करू?" मी उलट विचारतो, सध्या कुठे अडकला आहेस? अडचण समोर असताना वाचलेलं पुस्तक अंगी लागतं. नुसतं यादीतलं म्हणून वाचलेलं परीक्षेच्या अभ्यासासारखं उडून जातं.

नवख्याच्या वाट्याला कोरं काम क्वचित येतं. बहुतेकदा कुणीतरी लिहून सोडून गेलेला जुना कोड गळ्यात पडतो, आणि एक ओळ बदलायचीही धास्ती वाटते. अशा वेळी मायकेल फेदर्सचं 'वर्किंग इफेक्टिव्हली विथ लेगसी कोड' (२००४) काढा. ज्याला टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारा वेगळा कोड) नाहीत तो लेगसी कोड, अशी त्याची रोखठोक व्याख्या आहे. प्रकरणांची नावंही आपल्याच तक्रारी वाटतात: वेळ नाही आणि बदल तर करायचाच आहे. मला सर्वांत उपयोगी पडली ती 'सीम'ची कल्पना, म्हणजे त्या ठिकाणचा कोड न बदलता तिथली वागणूक बदलता येईल अशी जागा. समजा, व्याज काढणारं फंक्शन आजची तारीख स्वतःच संगणकाकडून घेतं. मग ३१ मार्चला ते काय करेल हे जुलैत तपासणार कसं? तारीख बाहेरून पॅरामीटर म्हणून द्या. आता टेस्टमध्ये ३१ मार्च द्या, १ एप्रिल द्या, २९ फेब्रुवारी द्या. हे एकदा हाताने केलं की धास्ती बरीच ओसरते.

फ्रेड ब्रुक्सचं 'द मिथिकल मॅन-मंथ' १९७५ चं आहे. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळलेल्या माणसाने ते लिहिलं आहे. त्यातले यंत्रांचे तपशील जुने झाले, ते खुशाल ओलांडा. पण रखडलेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी रखडतो, हे त्याचं म्हणणं आजही पटतं. ५ जणांत बोलणाऱ्या जोड्या १० होतात, १० जणांत ४५. हे नवख्याने मुद्दाम वाचावं, कारण वाढवलेला माणूस बहुधा तोच असतो. आपल्याला शिकवण्यात सीनियरचा किती वेळ जातो हे कळलं, की आपण प्रश्न लिहून ठेवतो आणि एकदम विचारतो.

फ्रेमवर्कवरची, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर आपण ॲप उभारतो त्यावरची, जाडजूड पुस्तकं विकत घेऊ नका. ती लवकर शिळी होतात. अधिकृत डॉक्युमेंटेशन पुरतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांना ही इंग्रजी पानं जड जातात. जाऊ द्या. सीताबर्डी ते खापरी मेट्रोत दोन-तीन पानं झाली तरी पुष्कळ. डबा खाताना तेवढंच शेजारच्याला मराठीत समजावून सांगा. जिथे अडखळाल, ते पान परत वाचा.

डेटाबेसशी रोजचा संबंध आला की मार्टिन क्लेपमनचं 'डिझायनिंग डेटा-इंटेन्सिव्ह ॲप्लिकेशन्स' घ्या. २०१७ च्या आवृत्तीत थेट सातव्या, ट्रान्झॅक्शनच्या (डेटाबेसमधले काही बदल एकत्र, एकच काम म्हणून करण्याच्या) प्रकरणापासून सुरू केलं तरी चालतं. त्यात ड्यूटीवरच्या दोन डॉक्टरांचं उदाहरण आहे. किमान एक डॉक्टर हवाच, असा नियम. दोघे एकाच क्षणी सुट्टी टाकतात, दोघांच्याही तपासणीला दुसरा हजर दिसतो, आणि ड्यूटीवर कुणीच उरत नाही. हे उदाहरण वाचून झालं की आपल्या प्रकल्पातलं बुकिंगचा किंवा स्टॉकचा कोड उघडा आणि आधी तपासून मग लिहिणाऱ्या जागा शोधा.