लांब पल्ल्याचा सराव सुरू करण्याआधी: शरीराची मापं घेण्याची तयारी

सरावाचा आराखडा, बूट, घड्याळ हे सगळं वेळेत जमतं. शरीरात काय बदलतंय ते कसं मोजायचं, हे मात्र चौथ्या-पाचव्या आठवड्यात वजन हलेना झालं की आठवतं, आणि तोवर सुरुवातीचं माप हातचं गेलेलं असतं. म्हणून ही तयारी पहिल्या धावेच्या आधी, निदान दोन आठवडे हाताशी ठेवून करावी. यंत्र कुठलं, हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवते. प्रत्येक माप त्याच वेळी, त्याच अवस्थेत, त्याच पद्धतीने घेतलं जाईल अशी सोय करणं, हे पहिलं काम.

घाई का, तेही सांगते. सराव सुरू झाला की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढू लागतो. स्नायूही जास्त ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली कर्बोदकं, साठवायला शिकतात आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतात. त्यामुळे चरबी कमी होत असतानाही काटा जागचा हलत नाही, कधी वरही सरकतो. हे पाणी यायच्या आधीची नोंद असेल तरच पुढचे आकडे वाचता येतात.

वजनकाटा टणक, सपाट जमिनीवर ठेवा आणि सराव संपेपर्यंत तिथून हलवू नका; सतरंजीवर किंवा गालिच्यावर तो चुकीचं दाखवतो. उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, पाण्याचा घोटही न घेता, कमीत कमी कपड्यांत वजन करायचं. रोज करा, पण रोजचा आकडा फक्त लिहून ठेवा आणि तुलना सात दिवसांच्या सरासरीची करा. लाँग रनच्या दुसऱ्या दिवशी दमलेले स्नायू पाणी धरतात, खारट जेवणानंतरही तसंच होतं. पाळीच्या आधी अनेकींचं वजन वाढतं, त्यामुळे बायकांनी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करण्यापेक्षा मागच्या चक्रातल्या त्याच टप्प्याशी करावी. त्यासाठी पाळीची तारीख वहीत हवी.

चरबीची टक्केवारी दाखवणारा काटा घरात असेल तर तो काय करतो ते आधी समजून घ्या. तो पायांतून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतो, अडथळा मोजतो आणि उंची, वय, लिंग घालून सूत्राने चरबीचा अंदाज बांधतो. फक्त पायाखाली पट्ट्या असतील तर प्रवाह मुख्यतः पायांतून आणि कमरेखालून जातो, वरच्या धडाचा हिशेब सूत्रच करतं. पाणी कमी-जास्त झालं की आकडा उडी मारतो. समजा 70 किलोच्या माणसाला काल 18 टक्के दाखवले आणि आज 20. म्हणजे एका रात्रीत 1.4 किलो चरबी वाढली! तेवढ्यासाठी गरजेपेक्षा दहा हजारांहून जास्त कॅलरी खाव्या लागतील. धावून आल्यावर तर या काट्यावर टक्केवारी बघूच नये. ‘अ‍ॅथलीट’ सेटिंग ठेवायचं की नाही ते आजच ठरवा, कारण मध्येच बदललंत तर सूत्रच बदलतं. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी असा काटा वापरू नये.

साधी, न ताणली जाणारी फीत घ्या. कंबरेचा घेर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून झाल्यावर, फीत जमिनीला समांतर आणि कातडीत न रुतणारी ठेवून मोजायचा. मांडी आणि पोटरीची जागा एकदा ठरवून लिहून ठेवा. आठवड्यातून एकदा पुरे.

माझा सर्वात जास्त भरवसा कॅलिपरवर, म्हणजे कातडीच्या घडीची जाडी मोजणाऱ्या चिमट्यावर आहे, पण माप घेणारा हात एकच असेल तर. ते माणूस आधी पक्कं करा. दंडाच्या मागचं माप घेताना खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांमधलं अंतर फितीने मोजून बरोबर मध्यावर पेनाने खूण करायची. हात सैल सोडायचा. अंगठा आणि तर्जनीने कातडी व तिच्याखालची चरबी उभ्या घडीत उचलायची, आत स्नायू येत असेल तर सोडून पुन्हा धरायची. कॅलिपर बोटांपासून 1 सेंटीमीटर खाली लावायचा, त्याची पकड पूर्ण बसू द्यायची, 2 सेकंद थांबायचं आणि घडी न सोडता आकडा वाचायचा. मग तुम्ही ठरवलेल्या बाकीच्या जागांची मापं घेऊन पुन्हा इथे यायचं, कारण दाबलेली चरबी लगेच पूर्ववत होत नाही. अंगाला घाम किंवा तेल नको. सगळ्या जागांची बेरीज मिलिमीटरमध्येच ठेवा. टक्केवारीची सूत्रं दुसऱ्याच लोकांच्या मापांवरून बेतलेली असतात, मिलिमीटर तुमचे स्वतःचे.

डेक्सा स्कॅन (सौम्य क्ष-किरणांनी शरीरातले घटक मोजणारी तपासणी) परवडत असेल आणि जवळ होत असेल तर दोन वेळा ठरवा, सुरुवातीला आणि साधारण 12 ते 16 आठवड्यांनी, त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर. आदल्या दिवशी कठीण सराव नको, स्कॅन अनशापोटी. हाड, चरबी आणि बाकीचा भाग तो वेगळा दाखवतो, पण त्या ‘बाकीच्या’त पाणी आणि ग्लायकोजेनही मोजलं जातं. तेव्हा तिथे किलोभर घट दिसली की स्नायू झिजले असं लगेच मानू नका.

वहीत मापांशेजारी झोप, सकाळची नाडी, दुखणी आणि भूक यांचेही रकाने आखा. चरबी कमी करण्याच्या नादात शरीराला कामापुरतीही ऊर्जा उरत नाही, ही या सरावातली खरी भीती. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी या अवस्थेला ‘रेड-एस’ (खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता, याचं इंग्रजी लघुरूप) असं नाव दिलं आणि 2023 मध्ये मांडणी सुधारली. ऊर्जा पुरते का ते बघायला खाल्लेल्या कॅलरींमधून सरावाचा खर्च वजा करून उरलेल्याला चरबीविरहित वजनाने भागायचं. रोज दर किलोमागे 30 कॅलरींच्या खाली बराच काळ राहणं धोक्याचं मानतात. चरबीविरहित वजन 50 किलो असेल तर सराव वजा जाऊन 1500 कॅलरी उरायलाच हव्यात. 30 ही काही पक्की सीमारेषा नाही, कोणाला त्याच्या वरही त्रास होतो. पाळी लांबली किंवा बंद झाली, हाडात एकाच जागी दुखत राहिलं, तर मापं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. आणि पूर्वी खाण्याच्या विकाराचा त्रास झालेला असेल तर काटा आणि कॅलिपर या यादीतून सरळ काढून टाका. सरावाची प्रगती वेग आणि नाडीवरून व्यवस्थित कळते.

सराव सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात तीन सकाळी सगळी मापं दोन-दोनदा घ्या. काहीच बदललेलं नसताना आकडे जेवढे मागेपुढे होतील, तेवढी तुमची मोजण्यातली चूक. पुढे त्याहून लहान बदल दिसला तर त्यावरून आहार किंवा सराव बदलायचा नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

शेवटच्या तारखाही आत्ताच घाला. शर्यतीच्या आठवड्यात सराव कमी आणि कर्बोदकं जास्त, त्यामुळे वजन किलो-दीड किलो वाढेल. ते इंधन आणि त्याचं पाणी आहे, त्या आठवड्याची सरासरी तुलनेत धरू नका. शर्यतीनंतर स्नायू सुजलेले असतात, म्हणून अखेरची फीत आणि कॅलिपर दोन आठवड्यांनी. दुसरा डेक्सा शर्यतीच्या अलीकडे, सराव कमी करायला लागण्याआधी येईल असा बघा.