डिझाइनची ऑनलाइन कार्यशाळा घेताना या चुका टाळा

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अर्धी टीम एका खोलीत आणि अर्धी पडद्यावर, अशी कार्यशाळा भरवणे. बडोद्यात अलकापुरीतील एका कार्यालयात दुकानदारांसाठीच्या बिलिंग अ‍ॅपची कार्यशाळा अशीच झाली. मी तिथे सहभागी होते. काही जण टेबलाभोवती बसले आणि इंदूर व पुण्याच्या सहकाऱ्यांना टोकाला ठेवलेल्या एकाच लॅपटॉपवर जोडून घेण्यात आले. थोड्याच वेळात खोलीतली मंडळी भिंतीवरच्या व्हाइटबोर्डवर आकृत्या काढू लागली. त्या कॅमेऱ्यात येत नव्हत्या, आणि आपसातले बोलणेही पलीकडे नीट पोहोचत नव्हते. दर वेळी लॉगिनला ओटीपी मागायचा, असे तिथे ठरून गेले. नोंदवलेला मोबाइल शेठजींच्या खिशात असतो आणि गल्ल्यावर मात्र नोकर बसतो, हे दुकानदारांच्या तक्रारींचे फोन घेणाऱ्या इंदूरच्या सहकारीला पुरते ठाऊक होते. ती हात वर केल्याचे चिन्ह लावून थांबली होती, पण लॅपटॉपकडे कोणी पाहतच नव्हते. अ‍ॅप दुकानांत गेल्यावर नेमकी तीच तक्रार आली आणि लॉगिनचा सगळा भाग नव्याने करावा लागला. म्हणून टीममधला एक जण जरी दूर असला, तरी प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवर, हेडफोन लावून, वेगळे बसावे, असा माझा नियम आहे. ‘आम्ही इथले इथे पटकन उरकतो’ म्हणणाऱ्यांनाही मी त्यातून सूट देत नाही.

दुसरी चूक आधी बोलण्याची आणि मग लिहिण्याची. एक जण बोलत असताना बाकीच्यांच्या कल्पना अडून राहतात आणि तेवढीच माणसे वेगवेगळी बसली तर त्यांना अधिक सुचते, हे डील आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली प्रयोगांतून दाखवले. ऑनलाइन बैठकीत तर दोन आवाज एकत्र आले की काहीच कळत नाही. त्यामुळे मी आरंभी सर्वांचे माइक बंद ठेवून स्टिकींवर, म्हणजे पडद्यावरच्या चिकटचिठ्ठ्यांवर, लिहायला लावते, मिरो या ऑनलाइन बोर्डावर इतरांचे लिखाण झाकणारा प्रायव्हेट मोड सुरू ठेवते आणि वरिष्ठांना सर्वांत शेवटी बोलायची विनंती करते. कार्यशाळा चालवणाऱ्या नवख्यांना ही शांतता सोसत नाही. ते मधेच सूचना देऊ लागतात आणि लिहिणाऱ्यांचा धागा तुटतो. त्यांनी घड्याळ लावून गप्प बसण्याचा सराव करावा.

बोर्डाची लिंक आदल्या दिवशी पाठवून प्रत्येकाला त्यावर स्वतःच्या नावाची स्टिकी लावायला सांगावे, म्हणजे लॉगिनच्या अडचणी कार्यशाळेचा वेळ खात नाहीत. लंडनचे सहकारी असतील तर आपल्यापासूनचे अंतर उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचे असते, हे मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस, तिथली घड्याळे बदलतात तेव्हा, विशेष ध्यानात ठेवावे. तयार टेम्प्लेट जसेच्या तसे उचलू नये, कारण त्यातले प्रश्न आपल्या कामाचे नसतात. कल्पनांवरचे मतदान संपेपर्यंत मते झाकलेली असावीत. ठरलेला प्रत्येक निर्णय, त्यामागचे कारण आणि जबाबदार व्यक्तीचे नाव बैठक संपण्यापूर्वीच बोर्डावर सर्वांसमोर लिहावे. निव्वळ बोर्डाचा फोटो पाठवून भागत नाही.