शोधनिबंधातले संदर्भ : जे हातात धरलं तेच सूचीत

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर वर्गाच्या) मुलांचे शोधनिबंध तपासायला आले की मी आधी शेवटचं पान उघडते. सूचीत चाळीस नोंदी आणि आतल्या मजकुरात उल्लेख नऊ, असा मामला दिसला की पुढचं वाचायची इच्छाच जाते. मजकुरात नाव आलं तर ते सूचीत हवं, आणि सूचीतलं प्रत्येक नाव मजकुरात सापडायला हवं. दोन्ही याद्या पेन्सिलीने टिकमार्क करत जुळवा.

पद्धत एकच धरा. विद्यापीठाने साचा दिला असेल तर तो, नाहीतर एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भ देण्याची पद्धत. तिची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली. कंसात आडनाव आणि वर्ष, शब्दशः उतारा घेतला तर पान क्रमांकही. लेखक तीन किंवा जास्त असतील तर पहिल्याच उल्लेखापासून ‘आणि इतर’. प्रकाशनाचं गाव आता लिहीत नाहीत. सीनियरच्या प्रबंधातून साचा उचलला की ‘पुणे’, ‘मुंबई’ उगाच येऊन बसतात. एवढं अर्ध्या तासात जमतं.

जमत नाही ते दुय्यम संदर्भाचं. म्हणजे मूळ अहवाल तुम्ही पाहिलेला नाही, त्याबद्दल दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं वाचलंय. इथे मी स्वतः तोंडावर पडले आहे.

माझा विषय ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा. पहिल्या प्रकरणात मराठवाड्याचा अनुशेष, म्हणजे विकासात राहिलेली तूट, मांडायचा म्हणजे ती मोजणारी दांडेकर समिती आलीच. एका जुन्या प्रबंधातला परिच्छेद मी जवळजवळ तसाच उतरवला आणि सूचीत ठोकून दिलं : ‘दांडेकर समिती अहवाल, १९८३’. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चहाचा कप खाली ठेवत विचारलं, “अहवाल पाहिलाय का हो तुम्ही?” मी म्हटलं, “हो सर.” “मग त्यावर साल कोणतं आहे?” १९८३ हे समिती नेमल्याचं साल. अहवाल १९८४ चा. नंतर शोधलं तर तो जुना प्रबंधही आणखी एका प्रबंधावरून उतरवलेला निघाला, आणि चूक तिथूनच चालत आलेली. तिघांपैकी एकानेही अहवालाला हात लावला नव्हता.

प्रादेशिक असमतोलावरच्याच नंतरच्या केळकर समितीचंही हेच होतं. नेमणूक २०११ ची, अहवाल २०१३ चा, आणि दर वर्षी कुणीतरी २०११ लिहून आणतंच.

तर करायचं काय? आधी मूळ कागद मिळवायचा प्रयत्न करा. विद्यापीठाच्या ग्रंथालयात शासकीय अहवालांची कपाटं असतात, तिथे ग्रंथपालांना विचारा. नुसतं मोबाईलवर शोधून ‘मिळालं नाही’ म्हणू नका. प्रबंध हवा असेल तर शोधगंगा हे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचं संकेतस्थळ बघा. तरीही नाहीच मिळालं तर प्रामाणिकपणे लिहा : (दांडेकर समिती, १९८४, केळकर समिती, २०१३ मधील उल्लेखानुसार). आणि सूचीत फक्त केळकर समिती. दांडेकर समितीचं नाव सूचीत घालायचं नाही, कारण ते पान तुम्ही उघडलेलं नाही.

“मूळ नावच टाका, वजन पडतं,” असा सल्ला देणारे गाईड मला माहीत आहेत. त्यांचं ऐकू नका, व्हायवाला ते तुमच्या खुर्चीत बसणार नसतात. दुय्यम संदर्भ एका निबंधात दोन-तीन ठीक. दहा झाले तर तुमचं वाचनच झालेलं नाही. आणि एआयला विचारून आणलेली सूची तर मला दाखवूच नका. त्यातला लेखक खरा असतो, मासिक खरं असतं, फक्त तो लेख कधी छापलेलाच नसतो.

आपल्याकडची आणखी एक गोची, नावांची. तुमच्या मजकुरात धाराशिव लिहा, पण २०११ च्या जनगणनेचा खंड सूचीत उस्मानाबाद म्हणूनच जाईल, कारण मुखपृष्ठावर तेच आहे. १९८८ चा प्रबंध ‘मराठवाडा विद्यापीठा’चाच, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. छापलेलं नाव आपण बदलायचं नाही.

शासन निर्णयाला लेखक म्हणून विभागाचं नाव, मग तारीख, विषय आणि क्रमांक. नुसतं ‘जीआर, महाराष्ट्र शासन’ लिहिलं तर कुणालाच सापडणार नाही. अलीकडच्या निर्णयांच्या शेवटी संकेतांक असतो, तोही उतरवून घ्या.

राहिल्या मुलाखती. एखाद्या अधिकाऱ्याने फोनवर माहिती दिली तर तिचा उल्लेख ‘वैयक्तिक संवाद’ म्हणून तारखेसह मजकुरातच, सूचीत नाही. पण ज्यांच्यावर अभ्यास केला त्या बायाबापड्यांचं बोलणं म्हणजे तुमची सामग्री. त्याला ‘वैयक्तिक संवाद’ही म्हणायचं नाही. एका मुलाने उताऱ्याखाली लिहिलं होतं : तांड्याचं नाव, वय ३४, विधवा, मुकादमाचं आडनाव. चाळीस उंबऱ्यांच्या तांड्यात अशी बाई एकच असणार, आणि उताऱ्यात ती त्याच मुकादमाने उचल (आगाऊ मजुरी) कशी बुडवली ते सांगत होती. मी त्याच्यासमोर ती ओळ खोडून वर लिहिलं : ‘सहभागी ४, ऊसतोड कामगार, बीड जिल्हा’.