वारेच्या पेशींवर एचआयव्हीची औषधे तपासताना

आधी पेशी ठरवा, औषध नंतर. संप्रेरके किंवा औषधाची ने-आण बघायची असेल तर बीवो (वारेच्या कर्करोगापासून बनलेल्या, प्रयोगशाळेत वाढणाऱ्या पेशी) घ्या. फोर्स्कोलिन हे रसायन दिले की या पेशी एकमेकींत विरघळून सिन्सिशियम (अनेक केंद्रकांचा एकसंध थर) बनवतात आणि एचसीजी हे गरोदरपणाचे संप्रेरक सोडू लागतात. गर्भाशयाच्या भिंतीत शिरणाऱ्या पेशींसाठी एचटीआर-8/एसव्हीनिओ ही पेशीमालिका वापरतात, पण तिच्यात स्ट्रोमल (आधार-ऊतीच्या) पेशींची भेसळ आढळलेली आहे. सायटोकेराटिन-7 (वारेच्या पेशींची खूण असलेले प्रथिन) चे स्टेनिंग केल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका. पेशी कुठूनही आणा, मायकोप्लाझ्माची (पेशींत लपून वाढणाऱ्या जिवाणूंची) तपासणी पहिल्याच आठवड्यात उरका.

24 खणांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खणात साधारण 50,000 बीवो पेशी टाका. दुसऱ्या दिवशी 25 मायक्रोमोलर फोर्स्कोलिन द्या, 48 तास थांबा, मग औषध.

खरी गडबड मात्रेत होते. 50 किंवा 100 मायक्रोमोलर औषध ओतून पेशी मारणे सोपे असते. आईच्या रक्तात तेवढे औषध असतेच कुठे? रक्तातली सर्वोच्च पातळी धरा. 50 मिलिग्रॅम डोल्युटेग्राव्हिर (एचआयव्हीचे औषध) रोज घेतल्यावर ती सुमारे 3.67 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर जाते, रेणुभार 419.4, म्हणजे जवळपास 8.7 मायक्रोमोलर. लोपिनाव्हिर 15 मायक्रोमोलरच्या आसपास, टेनोफोव्हिर जेमतेम 1. या पातळीच्या एक दशांश, एक तृतीयांश, एकपट आणि तिप्पट अशा चार मात्रा पुरतात.

डोल्युटेग्राव्हिरचे 4.19 मिलिग्रॅम 1 मिलिलिटर डीएमएसओत (औषध विरघळवायच्या द्रावकात) विरघळवले की 10 मिलिमोलर साठा होतो. त्यातला 1 मायक्रोलिटर 1 मिलिलिटर माध्यमात (पेशी वाढवायच्या द्रावात) टाकला की 10 मायक्रोमोलर, आणि डीएमएसओ बरोबर 0.1 टक्के. तिप्पट मात्रा हवी असेल तर साठाच तिप्पट घट्ट करा, जास्त ओतू नका. सगळ्या खणांत, औषध नसलेल्या खणांतही, डीएमएसओ सारखाच हवा. शिवाय रक्तात हे औषध जवळपास 99 टक्के प्रथिनांना चिकटलेले असते. 10 टक्के सीरमच्या माध्यमात मोकळे औषध त्याहून बरेच जास्त राहते, हे निकाल वाचताना विसरले जाते.

टेनोफोव्हिर नुसते टाकले तर विद्युतभारामुळे पेशीत फारसे शिरत नाही. त्याचे डिसोप्रॉक्सिल रूप (गोळीत असते ते) टाकले तर सीरममधली एस्टरेज विकरे ते फोडतात. दोन्ही वेगवेगळी तपासावीत. नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) कार्यक्रमात गरोदर बाईला टीएलडीची (टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राव्हिर) एकच गोळी मिळते, त्यामुळे तिन्ही औषधे एकत्र दिलेला खणही हवाच.

पेशी जिवंत आहेत का हे फक्त एमटीटी या रंग-चाचणीने बघू नका. त्याचा जांभळा रंग मुख्यतः पेशीतल्या डिहायड्रोजनेजांवर, त्यांतही मायटोकॉन्ड्रियाच्या कामावर अवलंबून असतो, आणि झिडोव्हुडिनसारखी औषधे मायटोकॉन्ड्रियालाच धक्का देतात. पेशी न मरताही रंग फिका पडतो. सोबत एलडीएच (फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारे विकर) मोजा. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए घटायला 24 तास पुरत नाहीत, 7 ते 14 दिवस औषध चालू ठेवावे लागते. भरपूर ग्लुकोज असले की पेशी ग्लायकोलिसिसवर (मायटोकॉन्ड्रियाविना साखर फोडून मिळणाऱ्या ऊर्जेवर) तग धरतात आणि इजा झाकली जाते. म्हणून एक संच ग्लुकोजऐवजी गॅलक्टोजवर वाढवा.

फोलेटचेही असेच. एफ-12 प्रकारच्या माध्यमात फॉलिक आम्ल सुमारे 3 मायक्रोमोलर असते, रक्तातल्या नॅनोमोलर पातळीच्या कितीतरी पट. डोल्युटेग्राव्हिर फोलेटच्या वाहतुकीत अडथळा आणते का हे अशा माध्यमात दिसणार कसे?

प्रोजेस्टेरॉन मोजताना कोळशाने धुतलेले (मूळची संप्रेरके काढलेले) सीरम घ्या, पण त्याबरोबर कोलेस्टेरॉलही निघून जाते, म्हणून 22-आर-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल (प्रोजेस्टेरॉन बनवायचा कच्चा माल) दिलेला एक खण ठेवा. बीवोत रिटोनाव्हिर, लोपिनाव्हिर, अ‍ॅटाझानाव्हिर यांनी प्रोजेस्टेरॉन घटल्याचे प्रसिद्ध झाले आहे, दारुनाव्हिरने नाही. तुमच्या प्रयोगात हा फरक आला नाही तर आधी तुमची पद्धत तपासा. आकडा प्रत्येक खणाच्या डीएनएने भागा, नाहीतर पेशी कमी झाल्या की संप्रेरक घटले, कळणार नाही.

प्लेटमधल्या निकालावरून कुणाचीही गोळी थांबवू नये: उपचाराविना आईकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण 15 ते 45 टक्के असते.

पहिल्या तिमाहीबद्दल बोलायचे असेल तर इन्क्युबेटरमधला ऑक्सिजन 2–3 टक्क्यांवर आणा. नेहमीच्या इन्क्युबेटरमध्ये तो 18 टक्क्यांहून जास्त असतो.